बेशरमाचं कुंपण

शोभा,

तुझ्या शोकसभेत हेडसरांनी तुला 'निसर्गप्रेमी शिक्षिका' म्हटलं आणि मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग खरंच रडू आलं. निसर्गावर तुझं किती प्रेम होतं ते मला विचारावं! गांडूळ दिसलं की बाकावर चढायचीस. तलावाच्या चिखलात पहिल्यांदा पाय घातलास तेव्हा माझा दंड इतका घट्ट धरलास की घरी जाऊन मला हळद लावावी लागली.

तू निसर्गप्रेमी नव्हतीस. तू हट्टी होतीस. एवढं एकच वाक्य मला त्या सभेत उठून बोलायचं होतं. पण गेलेल्या माणसाला हट्टी म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि माझी जीभ आधीच बदनाम. म्हणून गप्प बसले आणि आता हे लिहिते आहे. तुझ्याशी बोलायची सवय काही सुटत नाही. साकोलीहून बस सुटते तेव्हा मी अजून शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून तुझी जागा धरते. कंडक्टर बघतो आणि पुढे जातो.

आपली शाळा एकोडीच्याही पुढच्या गावातली, मागच्या भिंतीला तलाव लागलेला. तलाव म्हणायचा आपला, निम्म्याहून जास्त बेशरमच होतं त्यात. नावाप्रमाणेच झाड ते. तोडा, उपटा, पुन्हा हजर. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, मासे धरणाऱ्यांची जाळी त्यात अडकतात, पाण्याची जागा खाऊन बसतं आणि वर फिकट जांभळी फुलं मिरवतं. मी त्या शाळेत तुझ्या आधीपासून होते. रोज खिडकीतून बघायचे आणि फळ्याकडे वळायचे. मला वाटायचं, तलाव असाच असतो.

तुला भूगोल होता, मला गणित. आपल्या दोघींच्या वर्गांमध्ये पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे तुझा तास मला फुकटात ऐकू यायचा. त्या दिवशी मी अपूर्णांक घेत होते आणि तू पलीकडे विचारलंस, "आपल्या तलावातलं बेशरम आलं कुठून?"

रोशनी, धनराजभाऊंची पोरगी, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी बोलली. "साकोलीहून, मॅडम."

"अना साकोलीले कुठून आलं?"

"भंडाऱ्याहून."

"अना भंडाऱ्याले?"

"नागपूरहून आलं असन. सारं काही तिथूनच तं येते."

मग पृथ्वीगोल फिरल्याचा करकर आवाज आला. त्या गोलाला तेल घालायचं आपण किती वर्षं बोलत होतो! तू त्यांना दक्षिण अमेरिका दाखवलीस. समुद्र दाखवलास, मग दुसरा समुद्र दाखवलास, आणि मग आपला इवलासा भंडारा, जो त्या गोलावर लिहिलेलाच नव्हता, तिथं बोट टेकवलंस. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा अपूर्णांक सोडून पत्र्याला कान लावून बसली. पलीकडून कोणीतरी विचारलं, "इतक्या दुरून? अना आपल्याच तलावात कायले आलं?"

त्या 'कायले'नं तुझं डोकं फिरलं. दुपारी डबा उघडता उघडता म्हणालीस, "वंदना, पोट्ट्यायले तलावात उतरवते."

मी म्हटलं, "उतरव. अना साप निघाला तं हेडसरचं नाव सांग."

मला वाटलं होतं, झाडू हातात घेऊन फोटो काढतात तसलं काहीतरी असेल. फोटो निघाला की झाडू कोपऱ्यात आणि सेवा कागदावर. पण तू पोरांना महिनाभर पाण्याला हातच लावू दिला नाहीस. आधी घरोघरी विचारून या म्हणालीस. पाणी कोणाच्या शेतात जातं, जाळी कोणाची फाटतात, आजोबांच्या वेळी तलाव कुठपर्यंत होता. मग जगात आणखी कोणाच्या तलावात असले पाहुणे येऊन बसलेत ते शोधा म्हणालीस. 'सेवा' हा शब्द तुला आवडायचा नाही. "सेवा दुसऱ्याची करतात वो. तलाव तं आपला हाय," असं तू म्हणायचीस आणि मी म्हणायचे, "कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मग काय छापू?"

पोरं मात्र इतकी पेटली की परदेशी झाड दिसलं की उपटा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एकानं तर घोषणाच तयार केली होती. मधल्या सुट्टीत माझा डबा ओढून घेतलास, आपल्या दोघींच्या डब्यांतलं एकेक टेबलावर मांडलंस. आलू, टमाटे, वर हिरवी मिरची. "हेबी तिथूनच आले. आता याइलेबी उपटाचं का?" पोरं गार. रोशनीनं घरी जाऊन बापाला सांगितलं, तर धनराजभाऊ दुसऱ्या दिवशी तावातावानं शाळेत. "मॅडम, बाकी सारं मानतो, पन मिरची आमची हाय." अजून ते मानायला तयार नाहीत. तुझ्या सभेच्या दिवशीही चहा पिताना मला म्हणाले, "मॅडम लय हुशार होत्या, फक्त मिरचीचं तेवढं चुकलं त्यायचं."

तेच धनराजभाऊ तलावात उतरायच्या पहिल्या शनिवारी फाटकात उभे राहिले होते, आठवतं? कंबरेवर हात, तोंड वाकडं.

"पोरीले शिकाले धाडतो का बेशरम उपटाले? घरी काम कमी हाय का तिले?"

तू म्हणालीस, "भाऊ, तलावाचं पाणी कोनाच्या धानाले जाते?"

"माह्या. अना साऱ्याइच्या."

"मंग उपटाचं कोनं?"

"ते सरकारनं."

"सरकार येईपर्यंत रोशनीचं लगन होऊन जाईन, भाऊ."

पोरं खदखदली. भाऊ रागावून गेले. पुढच्या शनिवारी आले ते खांद्यावर कुऱ्हाड टाकूनच. तोंड तेव्हाही वाकडंच होतं, पण मुळं त्यांनीच तोडली. पोरांच्या हातानं ती निघालीच नसती.

आता कुंपणाचं सांगते. सभेत त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जणू ते घडलंच नव्हतं.

तलावाच्या पाळीवर, बांधावर, तोडलेल्या बेशरमाचे ढीग पडले होते. त्याचं काय करायचं हा प्रश्नच कोणाला पडला नाही. आपल्याकडे घरामागच्या प्रत्येक वाडीला बेशरमाच्याच काड्यांचं कुंपण असतं. पोरांनी आपणहून मोळ्या बांधल्या, वाहून आणल्या आणि शाळेच्या परसबागेला कुंपण घातलं. आणि कसलं घातलं! काड्या सारख्या उंचीच्या, मध्ये आडवे बांबू, सुतळीच्या गाठी ओळीनं. हेडसरांनी वरच्या साहेबांना फोटो पाठवला. तू कौतुक केलंस, मी केलं, गाव येऊन बघून गेलं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण जे तलावातून काढलं तेच शाळेत लावून ठेवलंय.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली, तर कुंपणाला पालवी.

पोळ्यापर्यंत भेंडी आणि वांगी त्याच्या सावलीत पिवळी पडली. काड्या मोडून उतारावरून पुन्हा तलावात गेल्या आणि तिथं निवांत रुजल्या. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे म्हणायचे, "शाळेनं फुलाइचा बगीचा मस्त केला हो!" मी पोट धरधरून हसले. तू बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि साकोली येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

तुझा हट्ट मला तेव्हा कळला. मी असते तर कुंपण गुपचूप काढलं असतं आणि पोरांना अपूर्णांकाला लावलं असतं. तू सकाळी वर्ग भरवलास तो त्या कुंपणासमोर. एक फुलाची काडी हातात घेतलीस आणि विचारलंस, "सांगा, आपलं काय चुकलं?" पोरांचं नाही, आपलं. त्यानंतर तोडलेली प्रत्येक काडी मोठ्या खडकावर वाळायला जायची. कडकड वाजेपर्यंत वाळवायची, मग चुलीत. एकच नियम ठरला, काडी ओल्या मातीला टेकू द्यायची नाही. पोरं तो नियम पाढ्यांपेक्षा चांगला पाळायची. हे मी, पाढे शिकवणारी, सांगते आहे.

मग केनिया आला. कुठल्याशा ऑनलाइन प्रशिक्षणात तुला तिथल्या एक शिक्षिका भेटल्या. त्यांची शाळा मोठ्या सरोवराच्या काठाला, आणि सरोवर जलपर्णीनं भरलेलं. तिथली पोरंही ती काढायला जायची. दोन्ही शाळांनी एकमेकांशी बोलायचं ठरलं, आणि आपलं भांडण लागलं. मी म्हटलं, तलाव किती साफ केला ते सांगा, कुंपणाचं नाव काढू नका. लक्तरं वेशीवर टांगायची तर निदान आपल्या गावाच्या वेशीवर टांगा, थेट केनियाच्या कशाला? हेडसर पहिल्यांदाच माझ्या बाजूनं होते.

तू म्हणालीस, "चुकलेलं सांगाचं नाही तं बोलाचं काय? आमी चांगले, तुमी चांगले, याच्यासाठी नेट कायले जाळाचं?"

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेला मिळालेला टीव्ही, ज्याचं प्लॅस्टिकही आपण खराब होईल म्हणून काढलं नव्हतं, तो टेबलावर. नेट हेडसरांच्या फोनवरचं, आणि रेंज फक्त खिडकीत, म्हणून हेडसर हात वर करून खिडकीत उभे. दारात धनराजभाऊ आणि आणखी बापलोक. पडद्यावर तिकडची पोरं, गणवेशात, आपल्या पोरांइतकीच घाबरलेली.

रोशनी उठली. वाक्यं तिनं पाठ केली होती, पण ती अर्ध्यात उडून गेली. "वी कट," ती म्हणाली. "वी मेक फेन्स. फेन्स..." आणि अडकली. तिनं तुझ्याकडे पाहिलं. मी पुढे व्हायला लागले तर तू माझा दंड धरलास. त्याच जागी. रोशनीनं दोन्ही हात जमिनीकडून वर नेले, हळूहळू, बोटं उघडत, आणि म्हणाली, "फेन्स वेक अप!"

मग तिकडचा अख्खा वर्ग हसला. आपली पोरं कानकोंडी झाली, धनराजभाऊंनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, बघ, सांगितलं होतं. तेवढ्यात तिकडचा एक मुलगा उठून पुढे आला. त्यानंही हातांनीच सांगितलं. काढलेल्या जलपर्णीचा मोठा ढीग काठावर, मग पाऊस, मग पाणी वर वर, आणि ढीग उचलून परत सरोवरात. शेवटी त्यानं कपाळावर हात मारून घेतला. अगदी आपल्यासारखा. तेव्हा इकडचा वर्ग असा हसला की टीव्हीचं प्लॅस्टिक थरथरलं.

जलपर्णीही त्याच दक्षिण अमेरिकेतून आलेली, हे तू गोलावर दाखवलंस तेव्हा रोशनी म्हणाली, "मॅडम, दोघाइच्याबी घरी एकाच गावचे पाहुणे आले."

दारातून धनराजभाऊ बोलले, "अना जाचं नावच घेऊन नाही राहिले!"

शोभा, त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. परतीच्या बसमध्ये तू मला विचारलंस, "कसं झालं वो?" आणि मी म्हटलं, "हेडसरचा नेटपॅक संपला." तू हसलीस. तुला कळलं असेल, असं मी इतके दिवस धरून चालले. पण कळलं असेल यावर मी विसंबून राहायला नको होतं. म्हणून आता लिहून ठेवते. त्या पत्र्याच्या वर्गात, सांधे कुरकुरणारा गोल आणि उसनं नेट घेऊन तू जे केलंस, तसं शिकवलेलं मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. माझ्या पोरांनी पत्र्याला कान लावला म्हणून मला कधी राग आला नाही. मीही लावत होते.

आणि तरीही मार्कांच्या बाबतीत तू चुकत होतीस असंच मी म्हणत राहिले. तलावाच्या कामाचे मार्क द्यायला हवेत, आकारिक मूल्यमापनात उपक्रमाला जागा असतेच, तिथं टाकू, हा माझा धोशा. मार्क दिसले की आईबाप किंमत करतात, मार्क नसले की पोरं वर्षभरात पांगतात, हा माझा हिशेब. तू हसून उडवायचीस. "मार्क दिले की ते मार्कासाठीच येतीन," म्हणायचीस. मी म्हणायचे, "येऊ दे ना! येतात हे महत्त्वाचं." किती बस प्रवास या भांडणात गेले! कोणीच मागे हटलं नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तुला बोलताना धाप लागत होती. मी काहीबाही गावच्या गोष्टी सांगत होते. तू मध्येच म्हणालीस, "होळी झाली की तलाव हाय. मी नसली म्हनून मार्क नको देजो."

दुसरं कोणी असतं तर हो म्हटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "देईनच. मार्काबिगर पोट्टे येत नाहीत, शोभा. ते तुह्यासाठी येतात."

तू डोळे मिटलेस. "माह्यासाठी येत असतीन," म्हणालीस, "तं मंग हरली मी."

मी तुझी चादर सारखी केली. नंतर तू झोपलीस, आणि आपलं भांडण तिथंच राहिलं.

होळी झाली. सकाळची शाळा लागली, तलावाचं पाणी उतरलं. मी कोणाला तलावाचं काही सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती, खरं तर. कारण तू म्हणालीस ते खरं असेल तर होळीनंतरच्या त्या पहिल्या शनिवारी तुझी परीक्षा होती, आणि उत्तर द्यायला तू नव्हतीस. पोरं तलावावर आली नाहीत तर काय करायचं ते मी बसमध्ये ठरवून टाकलं. प्रार्थनेच्या वेळी जाहीर करायचं की तलावाच्या कामाला मार्क आहेत. तुझं काम बुडण्यापेक्षा तुझा हट्ट बुडालेला बरा.

फाटकातून आत गेले तर पटांगण रिकामं. प्रार्थनेच्या जागी दोन कुत्री लोळत होती. बाई, मी तिथं पायरीवर बसले. तुला सांगते, तुझ्या तेरवीलाही मला असं झालं नव्हतं.

मग मागच्या बाजूनं करकर असा आवाज आला. ओळखीचा. त्या गोलाला तेल कोणीच घातलेलं नाही अजून.

भिंतीला वळसा घालून गेले. पाळीवर, मोठ्या खडकाशेजारी, पृथ्वीगोल ठेवलेला होता. पाचवीतली नवी पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसली होती. बाकीची गुडघाभर पाण्यात. धनराजभाऊ कुऱ्हाड घेऊन एका बुंध्याशी झटत होते. आणि गोलामागे रोशनी, आता आठवीतली, ओढणी कंबरेला खोचून, तुझ्यासारखीच एक भुवई वर करून विचारत होती, "सांगा, हे बेशरम आलं कुठून?"

एक चिमुरडी लगेच बोलली, "साकोलीहून!"

रोशनी हसली नाही. "अना साकोलीले कुठून आलं?" तिनं शांतपणे विचारलं.

मला खरं तर गप्प परत जायला हवं होतं. पण मी मीच. गणिताची बाई, ठरवून आलेली. मी मोठ्यानं म्हटलं, "पोट्टेहो, ऐका. यंदा या कामाचे मार्क भेटतीन. आकारिकमध्ये टाकीन मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यातलं कोणी हललं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. रोशनीच्या कपाळाला आठी पडली. तिनं विचारलं, "कायचे मार्क, मॅडम?"

चेष्टा नव्हती त्यात. पोरीला खरंच कळलं नव्हतं.

शोभा, वर्गात विचारलेल्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी मी "काही नाही, काही नाही" म्हणत चपला पाळीवर काढल्या, साडी खोचली आणि उतरले. दंड धरायला तू नव्हतीस, म्हणून एका पोराच्या खांद्याचा आधार घेतला. तू हरली नाहीस, बाई. हरले मी, आणि एवढ्या आनंदानं मी आयुष्यात कधी हरले नव्हते.

धनराजभाऊंनी तोडलेली एक लांब काडी रोशनीनं माझ्या हातात दिली. मला ती जड गेली. मी ती काठावर टेकवणार, एवढ्यात ती ओरडली.

"खाली नका ठेवू, मॅडम! उगवते."